शेवग्याखालचं खुराडं

सुरतच्या गोडादऱ्यात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी माझा पगार, गाव, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला थांबवून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही उजव्या हाताच्या की डाव्या?"

मी डावखुरी. तसं सांगितलं.

"मग आज नाही. परवा सामान आणा."

मला वाटलं, खोली हातची गेली. डावखुरं माणूस अशुभ मानणारा हा कोणी विक्षिप्त घरमालक असणार. तरी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तर जिन्याच्या उजव्या कठड्यासारखाच दुसरा कठडा डाव्या बाजूला बसवलेला होता. रंग ओला होता. "चार वाजेपर्यंत हात लावू नका," एवढं बोलून काका आत गेले.

मी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत नुकतीच लागले होते. काका हजिऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते सुरक्षा विभागात होते. कोणी उंचावर चढायच्या आधी, कोणी टाकीत उतरायच्या आधी, सगळं ठीक आहे असं बघून सही करणं हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी सही करायची सवय संपली नव्हती. घरातल्या प्रत्येक बटणाला नंबर होता. गॅसची नळी कधी बदलली ते ओट्याखाली खडूनं लिहिलेलं असे. शिडीला दोरीनं एक पाटी बांधलेली होती, तिच्यावर एका बाजूला 'चढा' आणि दुसऱ्या बाजूला 'चढू नका'. लग्नाला गेले की ते आधी मांडवाचे खांब हलवून बघत आणि मग घरच्यांना दाराजवळच्या खुर्च्यांवर बसवत. लोक हसत. काकांना त्याचं काही नसे. "चालू तर कोणीही करतं," ते म्हणत. "थांबवायला माणूस लागतो."

काकू अगदी उलट. अमळनेरकडच्या. घरात अहिराणीच बोलायच्या, माझ्याशी थोडी सांभाळून. मीठ चिमटीनं, पाणी अंदाजानं, आणि भाकरी अशी की दोन घास जास्तच जावेत. काकांच्या नंबरांपैकी एकही त्यांना पाठ नव्हता. अंधारात हात घालून त्या बरोबर तेच बटण दाबायच्या.

मला तिथे राहून वर्ष झालं असेल, तेव्हा काकूंची आई गेली. भावानं घर विकायला काढलं. दिवस करून काकू परत आल्या त्या एक मोठी टोपली मांडीवर घेऊन. टोपलीवर जुनं लुगडं बांधलेलं. सोडलं तर आत सहा कोंबड्या आणि एक कोंबडा.

"हे काय?" काका म्हणाले.

"मनी मायन्या कोंबड्या," काकू म्हणाल्या. "त्यासले कोन देखी आते?"

आईच्या भांड्यांतलं, दागिन्यांतलं काही त्यांनी आणलं नव्हतं. ह्या कोंबड्या म्हणजे आईकडे होत्या त्या कोंबड्यांच्या लेकी, आणि त्या तिच्या सासूकडच्या कोंबड्यांच्या. काकूंना सगळी वंशावळ तोंडपाठ होती. कुठली आजी तांबडी, कुठल्या पणजीच्या मानेला पिसं नव्हती, सगळं.

काकांनी वाकून टोपलीतल्या सगळ्या मोजल्या. त्यांना कोंबड्या आवडत नव्हत्या. मग ते म्हणाले, "राहतील. पण मोकळ्या नाही. मागं खाडी आहे, मुंगूस आहे, कुत्री आहेत. पक्कं घर झाल्याशिवाय एकही बाहेर सोडायची नाही."

कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली गेल्या आणि काकांनी कागद काढला.

घरामागे बारा पावलांची मोकळी जागा होती, तिथे एक शेवग्याचं झाड. त्याच्या सावलीत खुराडं उभं राहायचं होतं. काका आठ दिवस नुसतं मोजत होते. सकाळी ऊन कुठं येतं, वारा कुठून येतो, पाणी कुठं साचतं. शेजारच्या गुजराती भाभी भिंतीवरून वाकून बघायच्या. एकदा तो आराखडा बघून त्यांनी विचारलं, "काका, शुं बनावो छो? मंदिर?"

"कोंबडीचं घर," काका गंभीरपणे म्हणाले.

काकूंचा धीर सुटत चालला होता. "कोंबड्या शेतस त्या, वाघ नहीत," त्या मला जिन्यात सांगायच्या. "तुमना काका बंगला बांधतीन नि त्या डालगामाच म्हाताऱ्या होतीन."

शेवटी खुराडं झालं. विटांचा पाया, लाकडाची चौकट, चारी बाजूंनी कोंबडीची जाळी, वर पत्रा. दाराला एक सोडून दोन कड्या. दाराशेजारी दोरीनं वही टांगलेली. सकाळी दार उघडलं की वेळ लिहून सही, संध्याकाळी लावलं की पुन्हा सही. काकू सहीच्या जागी नुसती उभी रेघ मारायच्या. पहिल्या पानावर काकांनी लिहिलं होतं, 'तपासले. योग्य आहे.' आणि खाली पूर्ण नाव.

अकराव्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला खाली आले तर काकू खुराड्यापुढे जमिनीवर बसल्या होत्या. तीन कोंबड्या मेलेल्या. बाकीच्या तीन आणि कोंबडा वरच्या फळीवर एकमेकांना चिकटून. मागच्या कोपऱ्यात, जिथे खुराडं कंपाउंडच्या भिंतीला टेकलं होतं, तिथे माती उकरून वीतभर भोक पडलं होतं. मुंगूस.

काकू रडल्या नाहीत. त्यांनी शेवग्याखाली खड्डा केला आणि तिघींना पुरलं. कोणीतरी म्हणालं, रस्सा तरी झाला असता. काकूंनी त्या माणसाकडे असं बघितलं की तो निघूनच गेला.

संध्याकाळी काकांनी मागच्या अंगणात तीन खुर्च्या मांडल्या. "चौकशी आहे," ते म्हणाले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी निमूट खुर्चीवर बसले. मांडीवर वही घेऊन त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दार कोणी लावलं? काकूंनी. कड्या दोन्ही? दोन्ही. मग ते स्वतःच बोलू लागले. "खाली सगळीकडे सळई मारून बघितली होती. मागची बाजू भिंतीला चिकटलेली, तिथं हात जात नव्हता. गवंडी म्हणाला, कोबा थेट भिंतीपर्यंत नेलाय. मी मान हलवली." त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "वाचा मॅडम. सही कोणाची आहे?"

"तुमची."

"लिहा. चूक सही करणाऱ्याची."

मी लिहिलं. काका उठून आत गेले आणि तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. जेवले, अंघोळ केली, पेपर वाचला, पण बोलले नाहीत.

तीन कोंबड्यांसाठी माणूस एवढं मनाला लावून घेतो याचं मला नवल वाटलं. तेव्हा काकूंनी मला ती गोष्ट सांगितली. कारखान्यात असताना काकांनी एक परांची तपासली होती, वीस फळ्यांची. एकोणीस फळ्या पाय देऊन बघितल्या. विसावी टोकाला होती, मुकादम म्हणाला बांधलीय, आणि काकांनी मान हलवली. त्या फळीवरून एक वेल्डर खाली पडला. जगला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंपनीच्या चौकशीत दोष मुकादमावर गेला. काकांना कोणी शब्दानंही बोललं नाही.

"कोनी बोलनं असतं ते बरं झालं असतं," काकू म्हणाल्या.

तो वेल्डर आता पांडेसऱ्यात राहत होता. स्वतःचं छोटं दुकान, खिडक्यांच्या जाळ्या नि गेट करायचा. दिवाळीला त्याचा फोन यायचा. काका तो फोन उभं राहून घेत. फराळाचा डबा, मुलांना कपडे, सगळं कोणाच्या तरी हाती पाठवत. स्वतः त्याच्या घरी एकदाही गेले नव्हते. अकरा वर्षांत एकदाही नाही.

चौथ्या दिवशी काका बोलले, ते एवढंच, "पाडतो. पुन्हा बांधतो."

"राहू द्या आते," काकू म्हणाल्या. "उरेल त्या भाऊले देई टाकू."

"नाही. तुझ्या आईच्या आहेत ना? इथंच राहतील."

त्यांनी स्वतःच्या हातानं वीट अन् वीट काढली. ह्या वेळी खुराडं भिंतीपासून दोन फूट सुटं, चारी बाजूंनी फिरता येईल असं, आणि जमिनीपासून वर, लोखंडी पायांवर. पाय किती उंच हवेत यासाठी ते गल्लीत सात घरी गेले. मागच्या पुरात खाडीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं? कोणी मांडीला हात लावून दाखवी, कोणी कमरेला. काकांना ते पटेना. शेवटी एका बंद दुकानाच्या मागच्या भिंतीवर, न रंगवलेल्या भागात, पाण्याचा जुना डाग त्यांना सापडला. त्यावरून माप घेतलं आणि वर एक वीत जास्त धरली.

पण लोखंडाचं काम म्हणजे वेल्डिंग आलं. काका म्हणाले, बघतो कोणी. काकूंनी बघू दिलं नाही. त्यांनी सरळ पांडेसऱ्याला फोन लावला.

तो रविवारी आला. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून तो स्वतः, आणि मागून टेम्पोत त्याचं मशीन. चाळिशीचा, बारीक, भुसावळकडचा. कृत्रिम पायाची त्याला इतकी सवय झाली होती की चालण्यात थोडा झोलच काय तो दिसे. काका त्याला बघून आत निघून गेले. काकूंनी त्यांना बाहेर आणलं. मग काकांनी त्याच्यासाठी खुर्ची आणली, हलवून बघितली, स्वतः बसून बघितली, उठले, जागा बदलली, पुन्हा हलवली. तो हात बांधून उभा होता. घाई न करता.

"झालं का साहेब?"

"बस."

तो बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "साहेब, पाय गेला तो माझा. त्याचं काय करायचं ते मी कधीच ठरवून टाकलं. तुम्ही आता हा लोखंडी अँगल धरा, मला वेल्डिंगचे टाके मारायचेत."

दोन रविवार त्यांनी काम केलं. काकांनी कपाटातून कापडात गुंडाळलेला आपला कारखान्यातला जुना सुरक्षा-चष्मा काढला होता. अँगल धरताना ते सुरुवातीला मधेच वाकून जोड तपासायला जात. वेल्डर ओरडायचा, "हलवू नका साहेब, वाकडं जाईल," आणि काका, ज्यांना आयुष्यभर इतरांना हुकूम द्यायची सवय, मुकाट्यानं श्वास रोखून उभे राहत. दुसऱ्या रविवारी दुपारी मी वरून बघितलं, तर दोघं अर्धवट चौकटीत पाय सोडून बसले होते आणि एकाच ताटलीतली भजी खात होते.

जाड जाळी लागली. तळाला पत्रा, वर लाकडाचा भुसा. चढायला उतरती फळी. अंड्यांसाठी खोके. आत कोंबड्यांना बसायला लोखंडी नळी, गुळगुळीत रंगवलेली. काकांनी चारी कोपऱ्यांना लोंबकळून बघितलं. मुंगूसच काय, बिबट्याही आत जाऊ शकला नसता.

आणि कोंबड्याही जाईनात.

तिन्हीसांजेला आम्ही तिघं त्यांना हाकलायला लागलो. दाणे टाकून झाले, टोपली घेऊन झाली, काका दोन्ही हात पसरून "चला, चला" करत मागं धावले. एखादी आत गेली तरी आतून एक चक्कर मारून बाहेर येई. शेवटी चारी माझ्या जिन्याच्या कठड्यावर जाऊन बसल्या. उचलून डालग्याखाली ठेवाव्या लागल्या. असं आठवडाभर चाललं.

काका हरणारे नव्हते. त्यांनी ठरवलं, आत काहीतरी खटकतंय, ते आतूनच कळेल. एका दुपारी ते दुमडून, गुडघे हनुवटीला लावून खुराड्यात जाऊन बसले. अर्धा तास. भाभी भिंतीवरून बघतच राहिल्या. "मासी, काका अंदर शुं करे छे?"

"त्यासलेच विचारा," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या.

काका बाहेर आले, कंबर धरून. "उजेड ठीक आहे. हवा ठीक आहे. वास नाही. मग का जात नाहीत?"

"नळीवर बसत नहीत त्या," काकू मान वर न करता म्हणाल्या. "गार लोखंड. पाय सरकतस. जाड लाकूड जोयजे, वरून चपटं. अंडं घालाले अंधार जोयजे, तुम्ही तर तिथं खिडकी ठेवेल शे."

काकांनी खुराड्यात हात घालून नळीला बोट लावून बघितलं. "तुला माहीत होतं?"

"लहानपनपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सात घरले पाणी विचारं," काकू म्हणाल्या. "माले कोंबड्या नही विचाऱ्या."

त्या शांतपणे म्हणाल्या, पण तांदळातला हात थांबला होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं. काका आत गेले. मला वाटलं, आता पुन्हा तीन दिवस. पण ते वही, पेन्सिल आणि टेप घेऊन आले आणि काकूंच्या समोर खाली बसले. "सांग," ते म्हणाले.

काकूंनी सांगितलं. शेवग्याची जाड फांदी कापली गेली. अंड्यांच्या खोक्याला काकूंनी स्वतः गोणपाटाचा पडदा शिवला. उतरत्या फळीवर काड्या ठोकल्या गेल्या, नखं अडकायला. मधेच काका विचारत, "किती इंच?" आणि काकू दोन बोटं किंवा पंजा दाखवत. काका त्यांच्या बोटांना टेप लावून आकडा लिहून घेत. त्या संध्याकाळी कोंबड्या कोणी न हाकलता एकामागून एक आत गेल्या. वहीत पुढच्या पानावर पुन्हा लिहिलं गेलं, 'तपासले.' खाली दोन सह्या होत्या. काकूंनी ह्या वेळी रेघ मारली नव्हती. नाव लिहिलं होतं, जोडाक्षर चुकवून.

पावसाळ्यात तांबडी कोंबडी खुडूक बसली. काकूंनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आणि त्या दिवसापासून त्या बोटांवर दिवस मोजू लागल्या. आईच्या कोंबडीची पहिली पिल्लं सुरतेत निघणार होती.

एकोणिसाव्या दिवशी खाडी फुगली. आदल्या दोन दिवसांच्या पावसानं गल्लीत घोट्याएवढं पाणी होतंच, दहा वाजता ते गुडघ्याला लागलं. शाळेला सुट्टी होती, वीज गेलेली होती. मागच्या अंगणात काका रेनकोट घालून, एका बांबूवर रेघा मारून तो पाण्यात रोवून उभे होते. बाकी कोंबड्यांना आम्ही वर माझ्या खोलीत नेलं. काका तांबडीसाठी टोपली घेऊन आले तेव्हा काकू खुराड्याच्या दारापुढे उभ्या राहिल्या. साडी मांडीपर्यंत भिजलेली.

"तिले हालवू नका. उठनी ते परत बसनार नही. अंडी गार पडतीन."

"पाणी वर आलं तर ती बुडेल."

"तुम्ही बांधं ना? मग?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, बांबूकडे बघितलं. पाण्याला आणि खुराड्याच्या तळाला अजून हातभर अंतर होतं. बारा वाजता ते वीतभर झालं. तांबडी आत डोळे अर्धे मिटून बसली होती, जणू हे सगळं दुसऱ्या कोणाच्या घरात चाललंय. काकांनी खुराड्याचा एक पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता. दोन वाजता चार बोटं उरली. टोपली काकांच्या खांद्यावर लटकत होती आणि ते काकूंना पुन्हा काही म्हणणार इतक्यात माझा फोन वाजला. पांडेसऱ्याहून होता. काकांचा फोन लागत नव्हता म्हणून वेल्डरनं मला केला. मी फोन काकांच्या कानाला धरला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"साहेब, पाय हलतायत का?"

"नाही."

"टाका कुठं उघडलाय?"

"नाही."

"मग घरात जा. तुम्ही धरून ठेवलं काय नि सोडलं काय, ते माझ्या टाक्यांवर उभं आहे."

काकांनी हात लगेच सोडले नाहीत. मग सोडले. आधी एक, नंतर दुसरा. टोपली काकूंच्या हातात दिली आणि ते घरात आले. स्वयंपाकघरातही पाणी होतं, म्हणून जिन्याच्या मधल्या पायरीवर अंगणाकडे पाठ करून बसले. मी वर स्टोव्हवर चहा केला. काकांनी कप घेतला आणि एकदाही वळून बघितलं नाही. काकू दारात उभ्या राहून अंगणाकडे बघत होत्या. साडेतीनला त्या म्हणाल्या, "थांबनं." पाचला म्हणाल्या, "उतरी राह्यनं."

तिसऱ्या दिवशी आठ पिल्लं निघाली. तीन अंडी वाया गेली. काकू म्हणाल्या, तेवढं चालतं, त्यांच्या आईचीही जायची.

हिवाळ्यात पिल्लं मोठी झाली. वेल्डरनं एक जोडी मागितली. त्यानं आपल्या घरामागे स्वतःच खुराडं केलं होतं. काका म्हणाले, टेम्पोवाल्याच्या हाती पाठवतो. काकूंनी टोपली बांधली, साडी बदलली आणि रिक्षा बोलवायला मला पाठवलं. "तिन्ही जण जाऊत," त्या म्हणाल्या. काका रिक्षात सर्वांत शेवटी बसले.

पांडेसऱ्याच्या मिलांच्या मागे, गल्लीच्या टोकाला त्याचं घर. दोन खोल्या. पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी, तिला त्यानंच केलेली मोराची जाळी, आणि तिच्यातून आलेल्या उन्हात त्याची बायको शिवणाचं मशीन चालवत बसलेली. भिंतीला पिवळा रंग, वर बुद्धाची तसबीर. थोरली मुलगी कॉलेजला जायच्या गडबडीत होती. तिनं काकांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तुम्हीच ते दिवाळीचे काका ना?" वेल्डरनं त्यांना खुर्ची दिली. ते बसले. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. कोंबडा नि कोंबडी मागच्या अंगणात सोडली तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. काकाही आले, पण दारातच उभे राहिले. वेल्डरच्या बायकोनं जेवायला थांबा म्हटलं आणि आम्ही थांबलो.

परतताना रिक्षा मिलांच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली. मग काका म्हणाले, "घर छान आहे त्याचं."

काकूंनी मान हलवली.

"ऊन केवढं येतं," काका म्हणाले. आणि थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, "मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, अंधारं असेल."